पावतीच्या समासात

पहाटे चारला गोदामापाशी लॉरी भरली.
शाळा अकरा, खोकी चव्वेचाळीस,
म्हणजे दर शाळेला चार:
खडू, वह्या, वाचनमाला,
आणि चौथ्यात एक घंटा, एक फुटबॉल, मलमपट्टीची एक पेटी.
साहेब म्हणाले, "विस्कीस, वाटणी कशी चोख हवी.
उद्या कुणी बोट दाखवता कामा नये."
"होय ब्वाना," म्हणालो.
एकवीस वर्षं स्टिअरिंग धरलंय,
बोट दाखवायला हात मोकळा कुठे असतो.

डोंगरावरच्या शाळेत मुलं एक्क्याण्णव.
कपाटात गेल्या साली आणलेला खडू
अजून भुशात झोपलेला.
लुंगू मास्तर एकटेच. इयत्ता आठ, खोली एक.
दुसरीला बेरीज देऊन सातवीकडे वळतात
तोवर दुसरी झाडावर.
मला भाजलेलं रताळं दिलं, म्हणाले,
"खडू राहू दे रे, एक माणूस आण."
माणूस माझ्या यादीत नव्हता.

मग उतार, लाल धूळ, नऊ शाळा,
आणि दुपारी बाजारामागची.
तिथेही चार खोकी.
घंटा एक, फुटबॉल एक.

मुलं तीन हजार आठशे बारा.
एनेलेसी काफुका बाई आकडा सांगून थांबल्या:
"तेरा. एक आज सकाळी आली."
पहिली क मोठ्या आंब्याखाली,
पहिली ड वठलेल्या आंब्याखाली,
पहिली इ-ला झाड नाही,
ती भिंतीच्या सावलीबरोबर दिवसभर सरकते
आणि बाराच्या सुमारास
सगळी भिंतीला पाठ लावून उभी असते.
खडूचे चार तुकडे करतात.
चौथ्याने लिहिताना अर्धं अक्षर नखाचं.

पुस्तक एक, भोवती एकोणीस.
तियामिकेची जागा कायम समोरच्या बाजूला,
म्हणून ती उलटं वाचायला शिकली.
भरभर वाचते, पाण्यासारखं.
मी कौतुकाने नवं पुस्तक सुलटं धरलं
तर अडखळली,
माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच
माझ्याच हातात ते फिरवून घेतलं.

आमच्याकडे पंक्तिप्रपंच नाही.
प्रत्येक पंगतीला एकच पळी, काटेकोर.
कुठल्या पंगतीत किती पानं मांडलीत
ते पाहायला वाढप्याला सांगितलेलं नाही.

पावती पुढे केली.
शाळेचं नाव. खोकी: चार. पूर्ण मिळाली. सही.
बाईंनी कागद दोनदा वाचला.
"मुलांचा रकाना कुठाय?"
"नाही, बाई."
"कधीच नव्हता?"
मी धुळीकडे पाहिलं.
त्यांनी 'पूर्ण'वर रेघ मारली,
आणि डाव्या समासात, उभं,
जागा पुरावी म्हणून बारीक अक्षरात लिहिलं:
तीन हजार आठशे तेरा.

परतीच्या वाटेवर डोंगर दिसला.
मनात आलं, तिथली दोन खोकी उचलून
इथे आणून टाकावीत.
मग लुंगू मास्तरांचं रताळं आठवलं.
त्यांच्या कपाटातून काढून
यांचं काय भागणार होतं?
एका खडूचे चारऐवजी पाच तुकडे
असाच हा हिशेब,
फक्त तुकडा कुणाच्या हातात, एवढाच फरक.

संध्याकाळी ऑफिसात कारकुनाने
अकरा पावत्या टेबलावर आपटून सारख्या केल्या,
डावी कड पंचिंग मशीनमध्ये सरकवली
आणि वरून मूठ दाबली.

मी टेबलाच्या या बाजूला उभा.
इथून सगळं उलटं दिसतं.
तरी वाचलं:
तीन, मग एक गोल भोक,
मग आठशे, मग पुन्हा भोक.

खाली पडलेल्या कागदी टिकल्या
कारकून फुंकणार, एवढ्यात म्हणालो,
"थांबा."
आणि हातावर गोळा करत राहिलो
ज्यावर शाई होती त्या.