रक्त काय म्हणालं

पहिल्या वर्षी मी बेचाळीस प्रश्न घेऊन गेले
सत्तरीतल्या एका गावी.
सातेरीच्या देवळाबाहेर टेबल मांडलं,
बर्फाचा डबा फणसाच्या सावलीत ठेवला
आणि एकेकीला बोलावून विचारलं:
काजूच्या रानात जाताना पाय झाकता का,
मेलेलं माकड दिसलं तर कळवता का,
सरकारी तेल अंगाला लावता का.
दुर्गी झोरे म्हणाली, नाही.
मी चौकटीत फुली मारली.
तिच्यामागच्या तेवीस जणीही नाही म्हणाल्या.
अहवालात मी लिहिलं: सहकार्याचा अभाव.

दुसऱ्या वर्षी टेबल होतं, रांग नव्हती.
फोंडू माजिक तेवढा बसला होता पायरीवर,
तंबाखू मळत.
"बस बाय. आज आमी विचारतो.
मागल्या साली रगत नेलंस,
तें काय म्हणालं?"

रक्त बांबोळीला गेलं होतं,
बांबोळीहून पुण्याला,
तिथून एका आलेखात,
आलेखातून माझ्या बढतीत.
मी म्हणाले, चौकशी करते.
"ती तू मागल्या सालीय करत होतीस,"
आणि त्याने तंबाखू तोंडात टाकली.

रात्री मांडावर माणसं जमली.
आनंदी गावसने माझे प्रश्न मोठ्याने वाचले,
दहावीच्या वर्गात धडा वाचावा तसे.
सतराव्याला हसू फुटलं.
तेल का नाही लावत, हे कुठेच विचारलेलं नव्हतं.
त्या तेलाचा वास हातांना राहतो,
हातांचा बोंडांना,
कोळमीत तुडवलं की रसाला,
आणि भट्टीवाला नाकाला फडकं लावून
डबा परत पाठवतो.
एवढंच होतं.
एवढ्यासाठी मी एक अख्खा परिच्छेद लिहिला होता
अज्ञानावर.

मग सारवलेल्या अंगणात दुर्गीने
पिठाने ओढा काढला, पायवाट काढली,
आणि जिथे जिथे माकड पडलेलं पाहिलं
तिथे एकेक काजूची बी ठेवली.
अकरा.
खात्याच्या वहीत चार होती.
"कळवलं की रान बंद करता तुमी.
रान बंद म्हणजे हंगाम बंद.
ताप कुणाला येतो, कुणाला नाही.
भूक सगळ्यांना येते."
मी लिहून घेऊ लागले.
ती म्हणाली, आधी बघ तरी.
मी वही मिटली.
बिया ओढ्याच्या एकाच काठाला होत्या,
पातेरा साचतो त्या बाजूला.
हे त्यांना माहीत होतं. मला नव्हतं.
गोचिडीच्या पोटात काय असतं
हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.
उजाडेपर्यंत एवढी देवाणघेवाण झाली.

बेचाळीसातले नऊ प्रश्न उरले.
त्यातले दोन माझे.

त्या हंगामात त्या काठाची बोंडं
कुणी वेचली नाहीत. रान मात्र उघडं राहिलं.
ज्यांची झाडं त्या काठाला, त्यांना
बाकीच्यांनी वाटा द्यायचा ठरला.
दिला सगळ्यांनीच असं नाही.
दोन भाऊ अजून बोलत नाहीत.

नकाशा छापायची वेळ आली तेव्हा
पुन्हा मांड भरला.
गावाचं नाव गेलं तर काजूचा भाव पडेल,
पोरींची स्थळं मोडतील.
दुर्गी म्हणाली, "गावाचं नको. आमची घाल.
मोजलंय आमी."
म्हणून इथे ती आहेत, गाव नाही.

राहिला होता नंबर एकतीस.
पहिल्या वर्षी अंगात ताप असताना
रांगेत उभा राहिलेला एक माणूस,
आठ दिवसांनी गेला.
त्याचा कागद मी शेवटी शोधून काढला,
त्याच्या बायकोला वाचून दाखवला.
दोन शब्द: नमुना अपुरा.

"अपुरा म्हणजे?
किती घेतलं होतंस?"
पाच मिली, मी म्हणाले,
आणि चिमटीत दाखवलं.
तिने माझी चिमूट बराच वेळ पाहिली.
"आणखी मागितलं असतंस
तर दिलं असतं त्याने."

हे अहवालात घालू का, मी विचारलं.
तिने दोन दिवस मागितले.
तिसऱ्या दिवशी आनंदीकडून निरोप आला:
घाल.
माझं नाव नको.