ओहोटीची वेळ

यास्ना मोजते आहे. बारीक सळई
हिरडीखाली जाते, ती आकडे सांगते,
मदतनीस पोर लिहून घेते:
तीन, दोन, तीन. चार. सहा.
सात.

एलेउतेरियो खुर्चीत आडवा, तोंड उघडं.
चाळीस वर्षं चिलोएच्या खाडीत नाव चालवली;
सात वाव पाणी म्हणजे निर्धास्त.
इथे सात म्हणजे काय
ते तिच्या कपाळावरून कळलं.

रक्त कधीपासून येतं?
बायको होती तेव्हापासून.
तिनं दाताच्या कण्या केल्या,
दाखव कुणाला तरी, म्हणून.
तो थुंकायचा आणि नळ सोडायचा.

मग सुई. अर्धा ओठ परका झाला.
मग खरवड.

हा आवाज ओळखीचा:
दालकावेच्या चिखलात ओहोटीला कलंडलेली नाव,
तिच्या पोटाखाली उताणा पडलेला तो,
हातात लोखंडी पातं,
भरती यायच्या आत सगळं किटण काढायचं.
वरचा रंग बघून नाव घेऊ नये, बाप म्हणायचा,
पाण्याखाली हात घालून बघावं.

आज नाव तोच.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात;
यास्नाचं भरतं, वर पाठही दुखते.
"गेलेली हिरडी परत येत नाही," ती म्हणते,
"उरलेली धरून राहील. डावी बाजू गुरुवारी."

घराचं फाटक उघडताना तो म्हणतो, दाखवलं.
बधिर ओठातून शब्द नीट येत नाही.
पुन्हा म्हणतो.