दुसऱ्या नंबरचा राखणदार

तानेली राउताकोर्पी नऊ वर्षांचा असताना
त्याला स्केटवर धड उभं राहता येत नव्हतं,
म्हणून त्याला जाळीपुढे उभं केलं.
हे मला ठाऊक, कारण कायानीच्या त्या रिंकवर
स्केटना धार लावायचं काम माझं,
आणि त्याच्या पात्यांना मी बोथटच ठेवायचो:
गोलीनं सरकायचं असतं, कापत जायचं नसतं.

पहिल्याच दिवशी चकती गळ्याखाली बसली.
रडला नाही. मान वाकवून पाहत राहिला
अंगावर पाखरू येऊन बसल्यासारखा.
मी मनात म्हटलं, हा टिकणार.

टिकला.
पण कुठे, ते विचारू नका.

वीस हिवाळे. पाच गावं, तीन देश.
स्लोव्हाकियात पगार जानेवारीपर्यंत आला,
मार्चमध्ये क्लबच गेला.
नॉर्वेत सकाळी शाळेत सुतारकाम शिकवायचा,
दुपारी सराव.
बाकी सगळी वर्षं बाकावर,
टोपी उलटी, हात दाराच्या कडीवर.
दुसऱ्या गोलीचं काम विचाराल तर एवढंच:
गडी दमून आले, दार उघड.
ताजे गेले, दार लाव.
दर पाऊण मिनिटाला.

सानानं एकदा किराण्याच्या पावतीमागे हिशेब मांडला:
नव्वद हजार वेळा, थोडं इकडेतिकडे.
"घरचं मात्र रोज मीच लावते," म्हणाली.
तानेली हसला, उठला,
आणि लावलेलं दार पुन्हा एकदा लावून आला.

सामन्याआधी, आपली पाळी नसली तरी,
दोन्ही खांबांना काठीनं टकटक करायचा.
डाव्याला दोनदा. उजव्याला एकदाच.
का रे, विचारलं तर म्हणे,
उजवा जरा रागीट आहे.

मग फेब्रुवारीतला तो मंगळवार, कुओपिओ.
पाच-एक मागे, लोक कोट चढवू लागलेले,
आणि पहिल्या गोलीची जांघ धरली.
तानेली उठला.
अडीच तास बसून गुडघे लाकूड झालेले,
घाम नाही, ऊब नाही,
मुखवट्याचा पट्टा लावताना बोटं चुकली दोनदा.
घड्याळात सात मिनिटं चाळीस सेकंद.

नऊ फटके आले त्याच्यावर.
आठवा त्याला दिसलाच नाही,
समोर चार पाठी, दोन आपल्या, दोन त्यांच्या.
काठीचा आवाज तेवढा आला, सुकी फांदी मोडल्यासारखा,
आणि त्यानं डावा हात नुसता उघडून धरला,
भाव उतरवायला बसलेला माणूस धरतो तसा, अर्धवट.
हातमोजा जड झाला.

मी इथे धारेच्या खोलीत, रेडिओ लावून.
निवेदक शनिवारच्या तिकिटांबद्दल बोलत होता.
मध्येच म्हणाला, "गोलीनं अडवली," आणि पुन्हा तिकिटं.
नाव घेतलं नाही.
मी यंत्र बंद केलं. उगाच.
ठिणग्या विझेपर्यंत बसून राहिलो.

आता त्याचे दोन्ही खुबे धातूचे आहेत.
डॉक्टरांनी विचारलं म्हणे, काम काय करायचात?
"गुडघ्यांवर पडायचो. उठायचो."
"आणि?"
"बहुतेक वेळा बसायचो."

परवा मुलीचे स्केट घेऊन आला.
चांगली कडक धार दे, म्हणाला,
हिला पुढे खेळायचंय.
मी पैसे घेतले. ओळखीच्यांकडूनही घेतो.
मग विचारलंच शेवटी,
कुओपिओचा तो आठवा, कसा रे अडवलास?

आठवा? त्यानं डोकं खाजवलं.
आठवा नाही आठवत. नववा सांगतो.

आणि दाखवायला खाली बसू लागला,
काठी नसलेला हात पुढे, गुडघे आत,
अर्ध्यावर खुब्यानं नकार दिला,
माझ्या टेबलाची कड धरून तसाच थांबला,
ना उभा ना बसलेला,
आणि मोकळ्या हाताची दोन बोटं
गुडघ्यांच्या मध्ये धरून म्हणाला,
इथून. एवढीच होती फट. बघ,
एवढीच.