उघडीप

लिएजमध्ये, नदीकडे पाठ केलेल्या
तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत
मी पाऊस लिहिते.
पगार त्याचाच मिळतो.

रणगाडे वूटर करतो. तोफांचे आवाज
कुणीतरी घेंटहून पाठवतं.
माझ्याकडे हवा: वारा, गारठा, चिखल,
आणि ढग किती खाली उतरले म्हणजे
विमानांनी घरी बसायचं, तो आकडा.

चिखल सोपा नाही.
पहिल्या ट्रकखाली तो नुसता ओला असतो,
दहाव्याखाली लापशी,
चाळिसाव्याखाली रस्ताच उरत नाही.
म्हणजे कोण कोण गेलं
याची आठवण रस्त्याला द्यावी लागते.
ती दिली, तर चाचणीला बसलेली पोरं कुरकुरली:
सैन्य फार हळू चालतं. कंटाळा येतो.
वूटर म्हणाला, एक खटका ठेव,
ज्याला नको त्यानं चिखल बंद करावा.
ठेवला.

धुकं मात्र मला खरं हवं होतं,
आर्देनच्या पठारावरचं, चव्वेचाळीसच्या डिसेंबरचं.
मग गिस्लेनबाईंनी वही दिली.
त्यांचे वडील फ्लोरिमाँ, गावच्या शाळेत मास्तर,
रोज सकाळी सातला दारात उभे राहून
हवा टिपून ठेवायचे.
यंत्र काही नाही. एक पर्जन्यमापक होता,
तो कुठल्याशा सैनिकानं सूप प्यायला नेला.

वहीत अंतरं मीटरमध्ये नाहीत.
"विहीर दिसते, सफरचंदाचं झाड दिसत नाही."
"झाड दिसतं, चर्च नाही."
"आज विहीरही नाही. स्वतःचा हात दिसतो."

फीत घेऊन, बस धरून मी त्या गावी गेले.
विहीर बुजवलेली, पण कठडा आहे.
दारापासून अकरा मीटर.
झाडाची जागा गिस्लेनबाईंनी काठी टेकवून दाखवली:
"इथं. नाही, जरा अलीकडे.
याच्यावरून पडून माझा हात मोडला होता."
सत्तावीस.
चर्च नवं, पाया जुनाच. एकशे चाळीस.

हे तीन आकडे आता खेळात आहेत.
धुकं दाटतं ते विहिरीपर्यंत,
विरळ होतं ते झाडापर्यंत.
खेळणाऱ्याला हे ठाऊक असायचं कारण नाही.
त्याला समोर राखाडी रान दिसतं
आणि कुठूनतरी इंजिनाची घरघर येते,
आपली की परकी, कळत नाही.

तेवीस तारखेपाशी मी आठवडाभर अडले.
खेळात तो बक्षिसाचा दिवस:
पूर्वेकडून कोरडा वारा, धुकं विरतं,
निळंशार आभाळ, एक छोटी सुरावट,
आणि ज्यानं विमानं राखून ठेवली त्याची बाजी.

वहीत त्या दिवशी अक्षर मोठं आहे.
"उघडीप! विहीर, झाड, चर्च, पलीकडची टेकडी, सगळं.
पोरीला बाहेर आणून सूर्य दाखवला."
पुढचं पान कोरं. त्याच्या पुढचंही.
मग जानेवारीत, पेन्सिलीनं:
"विहीर दिसते. झाड नाही. चर्च नाही.
धुकं नाही."

वूटरनं पान बराच वेळ पाहिलं
आणि कॉफी आणायला गेला.

मी एवढंच केलं:
सुरावटीच्या आधी सात सेकंद
विहीर, झाड, चर्च, टेकडी
एकामागून एक उजळत जातात,
आणि तेवढा वेळ कुणालाच कुठलाही हुकूम देता येत नाही.
पोरं पुन्हा कुरकुरतायत.
याला खटका नाही.

परवा गिस्लेनबाईंचा फोन आला.
तुमच्या खेळात ऊन कसं केलंय, विचारत होत्या.
मी म्हटलं, ऊन म्हणजे फक्त उजेडाचा आकडा असतो, बाई,
ऊब नसते त्याला.
"असं होय," म्हणाल्या.
"मला आठवतं ते तेवढंच.
नाक गरम झालं होतं."