खाली

यादीत एकतीस नावं होती. आलो चौदा.
बाकीच्यांना डिसेंबरनं रजईतच ठेवून घेतलं.
शितोळेकाकांनी घमेली मोजून दिली,
पोस्टात तिकिटं मोजायचे तशी, बोटाला थुंकी लावून.

धुकं इतकं, की बावडीत उतरणारा माणूस
चौथ्या पायरीला पुसला जायचा
आणि सातव्या पायरीवरून त्याचा खोकला यायचा.

पायऱ्या एकोणीस, असं मोहल्ला सांगतो.
आम्ही साखळी केली. भरलेलं घमेलं वर,
रिकामं परत. मी बाराव्या पायरीवर
दोन अनोळखी माणसांच्या हातांमधे.
वरचे हात निगारचे, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.
खालचे रज्जन कुशवाहचे, जो एरवी गजक विकतो
आणि घमेल्यालाही डब्यासारखी टिचकी मारून
मगच पुढे सरकवतो.

गाळातून निघालं ते असं:
प्लास्टरच्या गणपतीचा एक कान.
चपला, का कोण जाणे, सगळ्या डाव्या.
बंद पडलेल्या डेअरीच्या दुधाच्या पिशव्या.
आणि कुलूप लावलेली लोखंडी पेटी,
जिच्यासाठी आम्ही अर्धा तास काम थांबवलं.
तिच्यात गाळच होता.

दुपारी विसावी पायरी लागली. मग एकविसावी. बाविसावी.
मोहल्ला वरून वाकून बघत राहिला,
आपलंच वय कुणीतरी चारचौघांत सांगावं तसा.

पाणी नव्हतं.
साडेचारला रज्जन तळातून ओरडला,
"दीदी, खाली है!"
आणि माझ्या मराठी कानाला वाटलं,
आहे म्हणतोय. खाली आहे.
मी तीन पायऱ्या धावत उतरले.

रात्री गाण्याला गेले. अंघोळ दोनदा केली,
नखं ऐकेनात.
शाळेच्या पटांगणात मांडव, सतरंज्या,
कडेला शेकोटी. निगारनं शाल पसरून
जागा धरली होती माझ्यासाठी.

बाई सत्तरीच्या. चांगल्या साडीवर हातविणीचं स्वेटर,
आणि त्याचा काही संकोच नाही.
तानपुरे जुळायला इतका वेळ लागला
की काकांनी एक डुलकी तेवढ्यात उरकली.
मग विलंबित तिलवाडा, आपल्या ग्वाल्हेरच्या चालीनं,
घाई नाही, कुणावर उपकार नाहीत.

मी हातावर ताल धरते, वडिलांची सवय.
पण तळव्याला तीन फोड, एक फुटलेला,
टाळी देता येईना.
नवव्या मात्रेला हात उलटा उघडतात, खाली.
मी तो उघडला
आणि तसाच राहू दिला मांडीवर.

बाई मंद्रात उतरायला लागल्या,
एकेक स्वर, भिंतीला हात लावून.
मी मोजत होते. सतरा. अठरा.
एकोणिसाव्याला शेवाळ आहे, बाई, जपून.
त्या थांबल्या. खाकरल्या. श्वास घेतला.
आणि गेल्या त्याच्याही खाली,
मोहल्ल्याला ठाऊक असलेल्या पायऱ्या संपतात तिथे,
जिथे आवाज जवळजवळ नव्हता,
नुसती ओल होती.

कुणी वाहवा म्हटलं नाही.
शेकोटीत एक लाकूड फुटलं, तेवढंच.

भैरवीच्या आधी निघालो, रज्जनला पहाटे भट्टी लावायची होती.
स्कूटर त्यानं मुद्दाम बावडीवरून घेतली.
एक खडा उचलून टाकला. आम्ही दोघं कठड्याला पोट लावून.
टक नाही. डुबुकही नाही.
काहीतरी मधलंच.
"सुना?" म्हणाला.
मी हो म्हटलं, मग नाही म्हटलं,
मग त्यालाच अजून एक खडा शोधायला लावला.

सोमवार लागून दीड तास झाला होता.
साडेनऊला ऑफिसात हजेरीच्या यंत्राला अंगठा द्यायचाय
आणि अंगठ्याचं साल गेलंय.
यंत्र म्हणेल, पुन्हा प्रयत्न करा.