कुणाचा तू?

तोत्माच्या नोंदणी कचेरीत एकोणतीस वर्षं
आधी शाईनं, मग यंत्रावर
मी एकच लिहीत आले: कोण कुणाचं.

आडनाव दुसरं काय असतं इथं?
कुंपणाआडून म्हाताऱ्या विचारायच्या, कुणाचा रे तू?
पोर म्हणायचं, झिमिन. हिवाळ्याचा.
त्रेत्याकोव, तिसऱ्याचा.
दुर्नेव, कुरूपाचा; तो कुरूप नव्हताच,
आईनं मुद्दाम तशी हाक मारली,
की मरण दारातून डोकावलंच
तर नाक मुरडून पुढच्या घरी जाईल.
'ओव' काय, 'इन' काय, नुसता 'चा'.
बाईमाणसाला 'ओवा', म्हणजे 'ची'.
मी नेझ्दानोवा:
ध्यानीमनी नसताना आलेल्याची.
तो कोण, कुठून आला, आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही.

मे महिन्यात उस्तिन्या झिमिना आली,
कडेवर गाठोडं, गाठोड्यात एक लाल नाक.
नाव? मात्वेय.
आडनाव? माझंच.
मधलं?
मधे बापाचं लागतं.
बापाची जागा रिकामी राहते, रकाना नाही राहत.
ती खिडकीतून नदीकडे बघत बसली.
रांगेतला एकजण खाकरला.
मग म्हणाली, तीखोन.
हा कोण?
नावाडी. बर्फ फुटला त्या रात्री
त्यानं मला सुखोनापार नेलं, इस्पितळाच्या काठाला,
दाराएवढे तुकडे वल्ह्यानं ढकलत.
माझं नावसुद्धा विचारलं नाही.

तीखोन. ग्रीकांकडे म्हणे नशीब,
आमच्या कानाला नुसतं 'शांत'.
मी लिहिलं, मात्वेय तीखोनोविच झिमिन.
शिक्का मारला. पोर शिंकलं.

तोत्मा ते केवढंसं!
सोमवारी तो दारात उभा,
टोपी हातात, बुटांना डांबर.
'माझ्या नावावर कुणीतरी आहे म्हणतात.'
मला वाटलं, आता हा भांडणार.
मी नोंद त्याच्यापुढे सरकवली.
बिनलग्नाचा, एकसष्ट वर्षांचा माणूस
बोट ठेवून अक्षर अक्षर वाचत गेला,
आणि 'ओविच'पाशी बोट जरा रेंगाळलं.
'बरोबर लिहिलंय,' म्हणाला.
दारापर्यंत गेला, परत आला,
आणि खालच्या आवाजात,
त्यांच्याकडे सरपण पुरेसं आहे का,
तुम्हाला काही कल्पना?