एकशे चौदा

सव्वीस वर्षं मीच होते ती चौकट
जिच्यात लोक आता टाइप करतात.
बुसानचं टेलिफोन एक्स्चेंज, तिसरा मजला,
चाळीस जणी, चाळीस हेडफोन.
एकशे चौदा फिरवला की आमच्यातली कुणीतरी म्हणायची,
"कुणाचा नंबर हवा?"

लोक मागायचे एक, हवं असायचं भलतंच.
रात्री दोनला कुणी बंदरावरच्या लॉजचा नंबर मागे
आणि सांगून झाला तरी फोन ठेवत नसे.
एक बाई दाताचा दवाखाना विचारायची :
"जवळचा नको हं, गावाबाहेरचा."
मी खोदून विचारलं नाही कधी. नंबर दिला.
पण एवढं शिकले, की शोधणारं माणूस
निम्मं मन नकळत सांडून जातं,
आणि सांडलेलं वेचणाऱ्याला
कधीतरी भाव येणार.

म्हणून आमच्या खुर्च्या गेल्या त्या वर्षी
हातावर टेकवलेले एक कोटी वीस लाख वॉन
(ऐकायला कोटी, येते त्यात जुनी गाडी)
मी नारूत घातले.
नारू म्हणजे होडी लागते तो धक्का.
सोलच्या पाच पोरांची शोधकंपनी,
ऑफिस म्हणे कोंबडीच्या हॉटेलावर.
दीर म्हणाला, "वहिनी, पोलाद घ्या.
पोलाद निदान ठोकून बघता येतं."

आम्हा किरकोळ लोकांना इथे मुंग्या म्हणतात.
आमच्या फलकावर चढतं ते लाल, पडतं ते निळं.
पहिली दोन वर्षं फलकाकडे बघितलं
की समुद्रकाठी उभं राहिल्यासारखं वाटे.

मग परदेशी आला.
पांढरं कोरं पान, मधोमध एक चौकट, बस्स.
आमच्या नारूच्या पानावर आठवडी बाजार :
हवामान, किमचीचं प्रमाण, कुठल्या नटीचं मोडलं,
गुडघ्यावर कुणाकुणाचे उपाय.
मला वाटलं, बुडाले.
पण लोक बाजारातच रेंगाळले.
परदेशी नुसता नंबर द्यायचा,
नारू फोन ठेवत नव्हती.
शेअर आठपट झाला.
त्या चुसोकला दिरानं नाशपतींची पेटी आणली,
आयुष्यात पहिल्यांदा,
आणि पोलादाबद्दल चकार शब्द काढला नाही.

एक सांगते, तुमच्यापाशीच ठेवा :
नारूचा भाव मी परदेशीतच बघते.
तिथे अक्षर मोठं दिसतं.

आता भाची, ह्ये-रिन, म्हणते,
"मावशी, शोधतं कोण? विचारायचं."
तिच्या फोनातला तो बोलका सबंध उत्तर देतो,
तुकतुकीत, सोललेल्या अंड्यासारखं.
नारू सात आठवडे निळी.
मी म्हटलं, विचार त्याला,
तोंग्नेच्या चढावर मिलम्यॉनचं दुकान,
पायरी तुटलेलं, त्याचा नंबर काय.
त्यानं दिला. अदबीनं. ठामपणे.
शेवटचे दोन आकडे चूक.

आमच्यात चुकीच्या नंबरचे पगारातून कापत.

दुसऱ्या दिवशी निम्मे शेअर विकले.
ह्ये-रिनला कोडं पडलं : चुकला तर तो, मग विकायचे का?
अगं, चूक मी पकडली, तू पकडलीस का?
तुला तर आवाज आवडला.
उरलेले निम्मे का ठेवले, ते मात्र
मलाही नीट सांगता यायचं नाही.

संध्याकाळी खरा नंबर फिरवला. बोटांना पाठ होता.
बराच वेळ वाजत राहिला.
मग एक बाई, मागे भांड्यांचा आवाज :
"हं, कोण हवंय?"

सव्वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी गप्प. तीही थांबली, ठेवला नाही तिनं.
शेवटी म्हटलं, "दुकान चालू आहे ना?"
"मंगळवारी बंद," ती म्हणाली.

वीजबिलाच्या पाठीवर लिहून घेतलं.